हाताला लागणारी भिंत

आरंभीच क्षमा मागते. घर कसे बांधावे याविषयी लिहिण्याचा मला काहीही अधिकार नाही. कळंबच्या एका शाळेत मी एकतीस वर्षे भूगोल शिकवला, आणि त्या काळात माझ्या हातून जे लेखन झाले ते प्रश्नपत्रिका, प्रगतिपुस्तकातले शेरे आणि सहलीच्या परवानगीचे अर्ज एवढेच. साठी उलटल्यावर अचानक वही उघडून बसावे, आणि तेही वास्तुरचनेसारख्या विषयावर, हे माझे मलाच धाडसाचे वाटते. शब्द जुळवताना दमायला होते. एक वाक्य पूर्ण झाले की ते फळ्यावर लिहिल्यासारखे दिसू लागते आणि पुसून टाकावेसे वाटते. तरी लिहीत आहे, कारण एक गोष्ट विचारायची आहे, आणि ज्यांना ती विचारावी अशी घरातली दोन्ही माणसे त्या गोष्टीतच अडकलेली आहेत.

पौर्वात्य आणि पाश्चात्त्य गृहरचनेचा मेळ कसा घालावा यावर माझी मुलगी तासभर न थांबता बोलू शकते. ती पुण्यात वास्तुविशारद आहे, आणि दोन वर्षे परदेशात शिकून आली आहे. मला त्यातले जे समजले ते ऐकीव आहे. मी फार तर एका माणसाविषयी खात्रीने सांगू शकते. माझे पती एसटीत वाहक होते. काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू गेली, आणि आता सहा वर्षे त्यांना उजेड आणि अंधार यांतलाही फरक कळत नाही. सकाळी पलंगावरून उठायचे, कुणालाही हाक न मारता पुढच्या दारापर्यंत जायचे आणि तिथे बसायचे, एवढे त्यांचे स्वतःचे म्हणावे असे उरले होते. नवे घर बांधताना तेवढे टिकवायचे होते. बाकीचे सारे जमले.

आमचे जुने घर गावातल्या अरुंद गल्लीत होते. माळवदी घर, म्हणजे लाकडी तुळयांवर फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. चार खोल्या एकीपाठोपाठ एक. हे म्हणत, "आपलं घर म्हणजे लाल गाडी. मागून चढायचं, पुढून उतरायचं." अगदी पुढे, दाराच्या आत लगेच, ढाळज होती. दोन्ही बाजूंना बसायचे ओटे आणि मधून जाण्यायेण्याची वाट. त्या गल्लीत घर घेणारे आमचे पहिलेच बौद्ध कुटुंब. सुरुवातीची काही वर्षे हे ड्यूटीवरून आले की ढाळजेत बसत, जाणाऱ्याला नमस्कार करत, आणि उत्तर कधी येई, कधी येत नसे. हे मात्र रोज बसत. पुढे लोक थांबू लागले, मग टेकू लागले. डोळे गेले त्या वर्षापर्यंत गल्लीतले निम्मे पुरुष सकाळचा पहिला चहा आमच्या ओट्यावर घेत होते. ती जागा त्यांनी बसून बसून मिळवलेली होती, हे मी कुणाला कधी बोलून दाखवले नाही. पण मला ते ठाऊक होते.

डोळे गेल्यावर ते भिंतीने चालू लागले. डावा तळहात भिंतीवर, किंचित वाकलेला. पहिल्या खोलीत भिंतीतला कोनाडा लागला की दोन पावलांवर उंबरठा. दुसऱ्या खोलीत भिंतीचा पोपडा. तिसरीत धान्याच्या कोठीचा थंड पत्रा. मग ढाळज. तीस वर्षे धावत्या गाडीत एका हाताने दांडी धरून उभा राहिलेला माणूस; हात कशाला तरी लागलेला असला की त्यांचे पाय आपोआप पडत.

आता माझ्याविषयी, कारण त्याशिवाय हे प्रामाणिक होणार नाही. मला ते घर आवडत नसे. माझे स्वयंपाकघर चारही खोल्यांत सर्वांत मागे होते आणि त्याला खिडकी नव्हती. माळवदाला हातभर झरोका, तेवढाच उजेड. भर दुपारी दिवा लावून मी भाकरी थापली. वर्गात ऋतू, वारे आणि सूर्याचे भासमान भ्रमण शिकवायचे आणि घरी येऊन दिव्याचे बटण चाचपडायचे, असे माझे आयुष्य गेले. पुढे तुळयांना वाळवी लागली आणि घर सोडणे भाग पडले, त्या वेळी यांना वाईट वाटले; मी वाईट वाटल्यासारखे दाखवले.

येरमाळ्याच्या रस्त्याला आमचा एक प्लॉट पूर्वीच घेतलेला होता. तिथे घर बांधायचे ठरले आणि मुलगी पुण्याहून लॅपटॉप घेऊन आली. ढाळजेतच बसलो आम्ही तिघे. ती बोलत होती, मी पडद्याकडे पाहत होते, आणि हे दोघींच्या मधल्या हवेकडे तोंड करून ऐकत होते.

"पश्चिमेकडे कसं, आई," ती सांगत होती, "स्वयंपाक, जेवण, बैठक, सगळं एकाच मोठ्या जागेत. घरातलं कुणी एकटं पडत नाही. जपानात खोल्या आहेत, पण दारं सरकती. दिवसातून तीनदा खोलीचा आकार बदलतो. आणि आपल्याकडे चौक. तिन्हीमध्ये खरी वस्तू एकच आहे. मोकळी जागा. लोक उगाच म्हणतात पूर्व वेगळी आणि पश्चिम वेगळी. मला दोन्ही एका घरात आणून दाखवायचंय."

"कळंबात?" यांनी विचारले.

"कळंबातच."

"मग स्टँडपासून सुरुवात कर. तिथं मोकळी जागा लई हाय, बसायला बाकडं तेवढं न्हाय."

ती हसली. "बाबा, तुमच्यासाठीच तर भिंती कमी केल्यात. कुठं अडथळा नको."

"अडथळा लागला की तर कळतं पोरी, कुठवर आलो ते."

तिला ही त्यांची नेहमीची थट्टा वाटली. मलाही तशीच वाटली, किंवा वाटू दिली. कारण त्याच क्षणी पडद्यावर माझे स्वयंपाकघर आले होते. ओट्यासमोर चार हात रुंद खिडकी, आणि ओट्यावर आडवे पडलेले ऊन. ते ऊन खरे नव्हते, तिने रंगाने काढले होते. पण मी त्याच्याकडे पाहत राहिले.

मग तिने पडद्यावर शेवटचे चित्र आणले. यांच्या पलंगापासून पुढच्या दारापर्यंत, गुळगुळीत फरशीच्या मधून, एक हात रुंदीची खडबडीत दगडाची पट्टी गेलेली होती. पुढे दाराबाहेर बसायचा ओटा, जुन्या ढाळजेच्या मापाचा.

"ही तुमची वाट, बाबा. तिकडे रस्त्यांवर, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी अशा पट्ट्या असतात. पावलांना कळतं. तुम्हाला भिंत धरायचीच गरज नाही. दोन्ही हात मोकळे. चहाचा कप हातात घेऊन चालायचं."

बोलता बोलता तिचे बोट पडद्यावरच्या पट्टीवरून दारापर्यंत गेले. ही पट्टी तिने कितीतरी दिवस मनात घोळवली असणार. यांचा हात माझ्या मनगटावर होता. तो हात घट्ट झाला, आणि हे काहीच बोलले नाहीत.

ते का बोलले नाहीत हे मला माहीत होते. त्याआधीच्या दोन वर्षांत रक्तातल्या साखरेने त्यांच्या तळपायांची जाणीव नेली होती. आधी मुंग्या, मग बधिरपणा, मग काहीच नाही. एकदा बँकेत हयातीचा दाखला देऊन आम्ही परत येत होतो. चौकात माझे लक्ष गेले तर यांच्या एकाच पायात चप्पल. दुसरी बँकेच्या पायरीवर राहिलेली, आणि यांना पत्ताच नाही. मी घाबरून सांगितले तर म्हणाले, "म्हणजे अर्धा माणूस अजून बँकेतच हाय. चल माघारी, न्हायतर हयातीचा दाखला अर्धाच करतील." मी हसले, आणि घरी येऊन त्यांच्या तळव्याला रुतलेला खडा काढला. रक्त येत होते, त्यांना कळले नव्हते.

मुलीला यातले काही सांगायचे नाही, असे त्यांनी माझ्याकडून वदवून घेतले होते. डोळे गेले तेव्हा ती परदेशातले शिक्षण अर्धवट टाकून निघाली होती. विमानाचे तिकीट काढले होते. तिला परत फिरवायला आम्हाला महिना लागला. "पायाचं कळलं तर पोरगी नोकरी सोडून हितं येऊन बसंल," हे म्हणाले होते, "आणि मग मी तिच्याकडं तोंड कसं करू?" मी हो म्हटले. आमच्याकडे आजार लेकरांपासून लपवणे ही मायेचीच रीत मानतात. माझ्या आईने तिची गाठ माझ्यापासून लपवली होती, आणि मी त्यासाठी तिचे कौतुकच केले होते.

मुलगी पुण्याला गेल्यावर मी म्हटले, "आता तरी सांगू या. ती पट्टी पायांसाठी आहे."

"करू दे. लई मनापासून करतीय."

"पण तुम्ही चालणार कसे?"

"शिकून घेतो की. नवीन रूट मिळाला की आठ दिवस चुकायचं, नंतर जमतंय."

मी आणखी एकदा म्हणायला हवे होते. मी म्हटले नाही. भिडस्त स्वभाव हे कारण मी आयुष्यभर दिले आहे, आणि ते खरेही आहे. पण त्या दिवशी ती खिडकीही होती. आराखडा बदलला असता तर खिडकी राहिली असती की नाही, कोण जाणे. मी विचारलेच नाही.

प्लॉटवर आखणी होती त्या सकाळी आम्ही दोघे गेलो. आमचे मिस्त्री साठीच्या पुढचे, तालुक्यात त्यांनी बांधलेली घरे मोजता येणार नाहीत. त्यांनी बिस्मिल्ला म्हणून पहिली खुंटी ठोकली, दोरी ताणली आणि दोरीच्या कडेने पांढरी फक्की टाकत गेले. भुईवर घराचा आकार उमटला. मी यांचा हात धरून त्यांना आत नेले.

"कुठं हाय मी आता?"

"हॉलमध्ये."

"हॉल लई हवेशीर झालाय."

मिस्त्री हसले, पण हसता हसता त्यांची नजर फक्कीच्या रेघांवरून फिरली आणि ते थांबले. मला जरा बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, झोपायच्या खोलीपासून बाहेरच्या दारापर्यंत भिंतच न्हाय की. साहेब काय धरून जातील?"

"पायाखाली पट्टी आहे. खडबडीत दगडाची. पायांना कळेल."

"डोकं लई चालतं ताईचं," ते मनापासून म्हणाले. "पण माझं ऐकाल तर, आम्ही परांचीवर चढतो तेव्हा पाय फळीवर असतो, भरवसा हातावर. हात रिकामा राहिला की माणूस घाबरतो. खाली बघायला डोळे असले तरी घाबरतो."

"मुलीने विचार केला आहे," मी म्हटले.

"मग झालं. कागदावर जे हाय ते करू."

त्यांनी पुन्हा दोरी उचलली. मी त्या वेळी त्यांना नुसते म्हणाले असते की रेघेवर विटांची एक ओळ मांडा आणि यांना एकदा चालू द्या, तर दहा मिनिटांत सगळे कळले असते. मुलांना मी मैदानावर चुन्याने महाराष्ट्राचा नकाशा काढून त्यावरून चालवीत असे. माझ्या नवऱ्याला मी त्याच्या घरात चालवून पाहिले नाही.

घर सुंदर झाले. यात उपरोध नाही. पूर्वेला जमिनीपासून छतापर्यंत काच, मध्ये एक लहानसा चौक, त्यात कडुनिंबाचे रोप, आणि चौकाच्या तिन्ही बाजूंनी लाकडी सरकती दारे. उन्हाळ्यातही आत गारवा राहतो. गृहप्रवेशाला वंदना झाली, खीर झाली, माणसे घर बघून तोंडात बोट घालत होती. एका शेजाऱ्याने ईशान्य कोणती, वास्तू पाहिली होती का, असे विचारले, तर हे म्हणाले, "एसटीत ईशान्य नसती. पुढं ड्रायव्हर, मागं मी." भूमहून आलेल्या माझ्या नणंदेने मात्र हॉलच्या मधोमध उभे राहून चारही बाजूंना पाहिले आणि म्हणाली, "वहिनी, एवढ्या मोठ्या खोलीत माणूस हरवंल की गं." सगळे हसले. मुलगीही हसली. दुसऱ्या दिवशी ती पुण्याला परतली.

पहिले आठ दिवस ते खरोखर शिकत होते. पलंगावरून उठायचे, खोलीची भिंत धरून दारापर्यंत यायचे, आणि मग तिथून पुढे हाताला काही नाही. दार ते दार अकरा पावले. दोन्ही हात पुढे करून ते निघत, आणि तिरपे होत होत माझ्या ओट्याशी येऊन पोचत.

"बाई," ते मला नेहमी माझ्या विद्यार्थिनींसारखे बाई म्हणतात, "हे कोणतं स्टेशन आलं?"

"स्वयंपाकघर."

"चहासाठी थांबती का गाडी?"

मी चहा द्यायचे आणि हात धरून बाहेर नेऊन बसवायचे. पण कधी सरकते दार उघडे राही आणि पाऊल चौकात पडे. कधी तेच दार मी हवेसाठी निम्मे ओढलेले असे आणि कपाळ आपटे. जपानी घराची ती खुबी, दिवसातून तीनदा आकार बदलणे, आमच्या घरात यांच्या कपाळावर दिसू लागली. मी दारे एका जागी बांधून ठेवली. तरी ती अकरा पावले राहिलीच. खडबडीत दगडावर उभे राहून ते मला विचारत, "पट्टीवर हाय का गं मी?"

एका सकाळी मी मागे कपडे वाळत घालत होते. रस्त्यापलीकडच्या बाई येऊन म्हणाल्या, "सर आज काचेतून गंमत बघत उभे आहेत, मी हात केला तरी बघेनात." त्या नव्याने राहायला आल्या होत्या, यांना दिसत नाही हे त्यांना माहीत नव्हते. मी आत धावले. हे पूर्वेच्या त्या मोठ्या काचेला दोन्ही तळहात टेकवून उभे होते. अंगावर ऊन येत होते, म्हणून त्यांना वाटले की आपण उघड्या दारात आलो. पुढे ढकलायला गेले तर हाताला काच लागली. मागे कुठे वळायचे ते सुचेना. किती वेळ उभे होते ते त्यांनी सांगितले नाही. मी हात धरला तेव्हा एवढेच म्हणाले, "बस स्टॉप चुकला." पण त्यांचा तळहात घामाने निसरडा झाला होता.

त्यानंतर ते थांबले. खोलीतल्या खुर्चीवर बसू लागले. "बाहेर नेऊ का?" विचारले की म्हणत, "तुझं काम होऊ दे." काम झाल्यावर विचारले की म्हणत, "आता ऊन झालं." जुन्या गल्लीतले दोघे-तिघे सुरुवातीला येत होते, बाहेरचा ओटा रिकामा दिसला की बेल वाजवायला संकोचत, आणि परत जात. मला ते खिडकीतून दिसत. माझ्या त्या चार हात रुंद खिडकीतून.

मी बरेच दिवस यावर विचार केला. मला पुस्तकी विचारच करता येतो, त्याबद्दलही क्षमा असावी. मुलगी म्हणाली होती की सगळ्या परंपरांत मोकळी जागा हीच खरी वस्तू आहे, आणि ते खोटे नाही. पण तो पश्चिमेचा मोठा दिवाणखाना काय, ते जपानी रितेपण काय, आणि आपला चौक काय, ती मोकळी जागा भोगायला समोरचे दिसावे लागते. पाहणाऱ्याला ती श्वास देते. न पाहणाऱ्याला ती नदीसारखी ओलांडावी लागते. माझ्या मुलीला हे कळत नव्हते असेही नाही. तिने त्या नदीवर दगडी पूल घातला होता. तो ज्या पायांसाठी घातला ते पाय बधिर आहेत, एवढेच तिला कुणी सांगितले नव्हते.

ती रोज संध्याकाळी सात वाजता व्हिडिओ कॉल करते. पहिल्याच आठवड्यात तिने विचारले, "बाबा, पट्टी कळते ना पायांना?"

"कळती म्हंजे? तेरच्या नदीकाठानं चालल्यासारखं वाटतं." तेर हे त्यांचे गाव.

ती इतकी आनंदली की मला फोन बाजूला करावासा वाटला. पुढे तिच्या कार्यालयाने पुण्यात एक प्रदर्शन भरवले, त्यात आमच्या घराचे छायाचित्र लावले. चित्रात रिकामा हॉल, काचेतून आलेले ऊन, आणि मधून गेलेली ती दगडाची वाट. खाली तिने लिहिले होते की हे घर तिच्या वडिलांच्या पावलांनी आखले आहे. तिने ते वाक्य आम्हाला फोनवर वाचून दाखवले. हे म्हणाले, "लई भारी." आणि फोनकडून माझ्याकडे तोंड वळवले. ज्याला दिसत नाही तो माणूसही नजर चुकवतो, हे मी त्या दिवशी पाहिले.

मी आपल्या परीने उपाय करून पाहिले. खोलीच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत नायलॉनची दोरी बांधली. त्यांनी एकदा धरली आणि सोडून दिली. "दावणीला बांधल्यागत वाटतंय." स्टीलचा कठडा बसवावा असे सुचवले. त्यावर म्हणाले, "दांडी धरून मी तीस वर्षं उभा राहिलो, ती नोकरी होती. घरात दांडी धरली की लोक म्हणतात, माणूस आजारी हाय. भिंत धरून गेला तर कुणी काही म्हणत न्हाय."

मग मागच्या आठवड्यात त्यांनी मला न विचारता, फोनलाच तोंडी सांगून, मिस्त्रींना फोन लावला. मिस्त्री दुसऱ्याच दिवशी आले. हॉलमध्ये उभे राहिले आणि मग दोन्ही दारांमधले अंतर पावलांनी मोजत गेले. मला वाटले, आता म्हणतील की मी सांगितले होते. ते म्हणाले नाहीत.

"कंबरेएवढी भिंत," हे म्हणाले, "ह्या दारापासून त्या दारापर्यंत. साधी. वर हात सरकंल असा गिलावा करा."

"मधूनच येईल, साहेब. ताईंची पट्टी भिंतीखाली जाईल."

"जाऊ दे."

"ताईला विचारलं का?"

मी खाली त्या पट्टीकडे पाहिले. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिले. "मॅडम, तिला वाईट वाटलं तर माझं नाव सांगा. म्हणावं मिस्त्रीनं लेव्हल चुकवली, पट्टी उखडावी लागली."

"तुमचं नाव कशाला?" हे म्हणाले. मग माझ्या दिशेला वळून, आवाज जरा खाली आणून, "आईला स्वयंपाकघराला आडोसा पाहिजे होता, असं सांगू. बायकांना उघड्यावर स्वयंपाक आवडत न्हाय, हे तिला पटंल."

"आणि मला ते आवडत नाही, असं मी सांगायचं?"

"तू काय, एवढं बोलणार न्हाईस का माझ्यासाठी?"

ते थट्टेने म्हणाले नव्हते. त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर होता, आणि बोटे त्या लाकडावर सरकत होती, पुढे, आणि परत मागे.

मला कुणाचाही राग आलेला नाही. राग यायला जी ताकद लागते ती आता माझ्यात नाही. त्यांना भिंत हवी आहे आणि ती मिळालीच पाहिजे, यात मला शंका नाही. त्यांनी पुन्हा बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसावे, यापलीकडे मला या घराकडून काहीच नको आहे. प्रश्न भिंतीचा नाही. भिंत येत्या गुरुवारी सुरू होते. विटा दाराशी येऊन पडल्या आहेत, आणि सकाळी हे माझा हात धरून त्यांच्यापर्यंत गेले, वाकले, एक वीट चाचपून पाहिली आणि म्हणाले, "भट्टी चांगली लागलीय."

आडोशाचे खोटे सांगितले तर मुलगी समजेल की आईने तिचे घर कधी मनातून स्वीकारलेच नाही. ती काही बोलणार नाही, माझ्यासारखीच आहे. फक्त इथून पुढे माझ्याशी जरा जपून बोलेल. आणि पायांचे खरे सांगितले तर तिला कळेल की ती ज्या पावलांविषयी प्रदर्शनात लिहून बसली, त्या पावलांविषयी तिच्या आईवडिलांनी तिला अंधारात ठेवले होते, आणि कदाचित ती बॅग भरून इथे येईल. शिवाय यांना दिलेला शब्द मोडेल. त्यांच्याकडे आता जे थोडे उरले आहे त्यात माझा शब्द आहे.

आज मंगळवार. सात वाजता तिचा फोन येईल, आणि ती विटांचा ढीग मागे दिसला की विचारेल. हे खोलीत बसून आहेत, आणि फोन मीच उचलणार आहे.

तुम्ही माझ्या जागी असता, तर तिला काय सांगितले असते?